गुडमॉर्निंग पथकाची शिट्टी

मित्रांनो, माझी एखादी तरी बहीण तुमच्या शाळेत असेलच. खेळाच्या तासाला ती वाजते आणि तुम्ही पुस्तकं टाकून मैदानावर धावता. मीही तशीच एक शिट्टी. मात्र तुमची ती प्लॅस्टिकची असेल, मी पितळेची आहे. माझ्या पोटात बुचाचा एक लहानसा गोळा आहे. कुणी फुंकर मारली की तो गरगर फिरतो आणि माझा आवाज दोन शेतं ओलांडून पलीकडे जातो. या आवाजाचा मला फार गर्व होता. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येत नाही. मला आठवतं ते साताऱ्यातलं खेळाच्या सामानाचं दुकान. एका दुपारी भाऊसो मास्तर तिथं आले. खटाव तालुक्यातल्या एका कोरड्या गावात ते कवायत शिकवत. त्यांनी चार शिट्ट्या वाजवून पाहिल्या, दुकानदाराचे कान बसवले आणि मला लाल दोरीत ओवून गळ्यात घातलं. गावाचं नाव मी सांगणार नाही. वडूजहून तिथं दिवसातून दोनदा एसटी असते आणि त्यातली एक येत नाही, एवढं पुरे.

मास्तरांच्या गळ्यात मी एकोणीस वर्षं होते. दर शनिवारी ते मला चिंचेनं घासत. कबड्डी, खो-खो, तालुक्याच्या शर्यती, सगळीकडे मीच. माझ्या आवाजावर किती पोरं पळाली, किती पडली, किती पुन्हा उठली, त्याची मोजदाद नाही. मास्तरांच्या शेवटच्या वर्षी पाचवीत पल्लवी नावाची एक मुलगी आली. धनगरवस्तीवरून दोन मैल चालत यायची. चालत कसली, पळतच यायची. तिचे वडील बिराप्पा आणि आई दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतत. तोवर वस्तीवरच्या घरात पल्लवी आणि तिची आजी धोंडुबाई, दोघीच. मास्तर म्हणायचे, "ही पोर लांब जाणार." ते निवृत्त झाले तेव्हा जाताना त्यांनी मला शाळेच्या कार्यालयात खिळ्याला अडकवलं, कारण मी शाळेच्या खर्चातली वस्तू होते. त्या खिळ्यावर मी दीड वर्ष धूळ खात पडले. नवे सर मोबाइलवरच शिट्टी वाजवत.

मग एक दिवस सरपंच दादासो कार्यालयात आले. गाव हागणदारीमुक्त म्हणून जाहीर व्हायचं होतं. वरून तपासणी समिती येणार होती आणि तोवर उघड्यावर जाणारं एकही माणूस दिसता कामा नये, असा हुकूम होता. त्यासाठी ग्रामपंचायतीनं गुडमॉर्निंग पथक काढलं होतं. म्हणजे काय, तर चार माणसांनी पहाटे ओढ्याकडे जायचं, कुणी बसलेलं दिसलं की शिट्टी वाजवायची, हातात गुलाबाचं फूल द्यायचं आणि फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकायचा. दादासोंनी मला वाजवून पाहिलं. "आवाज लय लांब जातुय की हिचा," ते म्हणाले. मित्रांनो, मी खूश झाले. खिळ्यावरून सुटका झाली आणि वर शाबासकी मिळाली.

पथकात मी पप्पूच्या गळ्यात असे. पप्पू ग्रामपंचायतीचा शिपाई. तोच पाणी सोडायचा, तोच दवंडी द्यायचा आणि मोबाइलही त्याचाच होता. पहिल्या पहाटे मी वाजले तेव्हा झाडाझुडपांतून माणसं धडपडत उठली. पुरुष धोतर-पॅंट सावरत पळाले. बायका डोक्यावरून पदर ओढून आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पथक पोट धरधरून हसलं. मलाही तो खेळच वाटला. हे मला आता सांगवत नाही, पण तसंच होतं.

चौथ्या दिवशी आम्ही धनगरवस्तीच्या माळावर गेलो. तिथं धोंडुबाई होती. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे कामातून गेलेले. पप्पूनं मला वाजवलं. ती उठू लागली, पण गुडघे साथ देईनात. तिनं दगडाला हात लावला, अर्धवट उठली आणि पुन्हा खाली बसली. पप्पूनं पुन्हा वाजवलं. ती उभी राहीपर्यंत वाजवत राहायचं असं दादासोंनी सांगितलं होतं. मी अकरा वेळा वाजले. शेवटी ती उभी राहिली, तिच्या हातात गुलाब दिला आणि फोटो निघाला. न्याहारीच्या आत तो साऱ्या गावानं बघितला.

तुम्ही म्हणाल, तिच्याकडे संडास नव्हता का? होता तर. तीन वर्षांपूर्वीच बांधून दिला होता. चार भिंती, पत्र्याचं दार, आत पांढरं शुभ्र भांडं. फक्त मागे खड्डा नव्हता. वस्तीखाली काळा खडक आहे, पहारीचं टोक वाकलं. ठेकेदार म्हणाला, खड्डा मागनं काढू. दारापुढं धोंडुबाईला उभं करून फोटो काढला, तो सरकारी संगणकावर चढवला आणि काम पुरं झालं. ठेकेदार दादासोंचा साडू होता. खड्ड्याशिवायच्या त्या खोलीचं काय करायचं हे म्हातारीला कळेना. मग तिनं त्यात मागं ठेवलेल्या मेंढ्यांची नुकती जन्मलेली कोकरं ठेवायला सुरुवात केली. लांडग्याच्या भीतीनं वस्तीवर कुणाला झोप नसे. इतकी पक्की भिंत तिच्या सात पिढ्यांत कुणाच्या कोकरांना मिळाली नव्हती.

त्या फोटोनंतर धोंडुबाई दुपारनंतर काही खाईनाशी झाली. पोटात काही नसलं म्हणजे पहाटे जावं लागणार नाही, असा तिचा हिशेब. पण रिकाम्या पोटानंही माणसाला जावं लागतंच. पथक जायचं, मी वाजायची, ती उभी राहायला धडपडायची. पप्पूनं तर ती किती शिट्ट्यांत उठते याची ग्रुपवर चर्चा चालवली होती.

याच सुमारास पल्लवीची निवड झाली. मोठ्या शहरातल्या खेळाच्या वसतिगृहात तिला राहणं, जेवण, शाळा, सगळं मिळणार होतं. त्यासाठी ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला हवा होता आणि तो आठ दिवसांत पोचवायचा होता. ती चारदा ग्रामपंचायतीत गेली. पाचव्यांदा आजीला घेऊन गेली. मी तेव्हा खुर्चीच्या पाठीला लटकत होते, त्यामुळे सगळं ऐकलं. दादासो फार गोड बोलले. त्यांनी म्हातारीला चहा दिला. मग म्हणाले, समिती येतेय, शाळेतल्या मुलांचं बालपथक काढलंय, पल्लवीचा दम मोठा आहे, तर उद्यापासून शिट्टी तिनंच वाजवावी. दोन दिवस पथकात दिसली की दाखल्यावर सही.

"माळावर आज्जीच असती," पल्लवी म्हणाली.

"म्हणूनच," दादासो म्हणाले. "आमचं ती ऐकत न्हाई. घरच्या पोरीनं वाजवली म्हंजी तिला लाज वाटंल."

ते दोघींच्या तोंडावर बोलले. धोंडुबाई कपातल्या चहाकडे बघत बसली. तिनं तो प्यायला नाही.

दुसऱ्या पहाटे मी पल्लवीच्या गळ्यात होते. मागे पप्पू मोबाइल धरून, त्याच्या मागे शाळेची दहाबारा पोरं. उजाडायला आलं होतं. धोंडुबाई माळावर दगडाच्या आडोशाला होती. तिनं ठरवलं असतं तर त्या दिवशी दुसरीकडे गेली असती, पण ती तिथंच आली होती. पल्लवीनं मला तोंडात धरलं. तिचे दात माझ्या पितळेवर कडकड वाजत होते, पण फुंकर येईना. मागून पप्पू म्हणाला, वाजव की, उशीर होतोय. पोरं खुसखुसली. पल्लवीनं मला तोंडातून काढलं.

"वाजव, बाय," दगडामागून धोंडुबाई म्हणाली. "दाखला पायजे न्हवं तुला? वाजव. मी उठती."

पल्लवी रडू लागली.

"रडू नगं. दम घेऊन वाजव. मला लवकर उठाय येत न्हाई, म्हायतीय न्हवं? तू वाजवत ऱ्हा."

आणि पल्लवीनं वाजवलं. मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यात इतक्या ताकदीनं मला कुणी फुंकलं नव्हतं. नऊ वेळा. म्हातारी दगडाला धरून, ओठ चावत, नातीच्या प्रत्येक शिट्टीसरशी थोडीथोडी उठत राहिली. ती उभी राहिली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. पप्पूनं दोघींचा एकत्र फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'नातीनं केली आजीची जनजागृती'. त्या सकाळी मला पहिल्यांदा माझ्या आवाजाची किळस आली. पण शिट्टीला गप्प बसता येत नाही. जो फुंकेल त्याची ती होते.

वस्तीवर परतल्यावर पल्लवी संडासाच्या खोलीत शिरली, कोकरं बाजूला सारली आणि मला त्या पांढऱ्या भांड्यात फेकलं. मग काठीनं ढोसून ढोसून खाली वाकड्या नळात घातलं. हे तिनं केलं त्याचा मला राग आला नाही. खरं सांगायचं तर तिथं मला बरं वाटलं. वर कोकरांचे पाय वाजत होते आणि मला वाजवणारं कुणी नव्हतं. मी हरवले म्हणून पप्पूनं दुसऱ्या दिवशी डबा वाजवून भागवलं.

तिसऱ्या दिवशी समिती आली. पप्पूनं आदल्या संध्याकाळीच संडासाच्या मागे कडबा रचला होता, म्हणजे खड्डा आहे की खडक हे कुणाला दिसू नये. कोकरं हाकलून आत चुन्याची पावडर टाकली होती. शाळेची मुलं ओळीत उभी होती, त्यात पल्लवी होती. धोंडुबाईला नवं लुगडं नेसवून दारात उभं केलं होतं. समितीचे साहेब जरा चौकस निघाले. त्यांनी बादलीभर पाणी मागवलं आणि भांड्यात ओतलं. पाणी तसंच राहिलं. आणखी ओतलं तसं वर आलं आणि साहेबांच्या बुटावर सांडलं.

मी वाट बघत होते. मला वाटलं, आता हे मागे जातील, कडबा काढतील, खडक बघतील आणि सारं उघडं पडेल. पल्लवीलाही तसंच वाटलं असणार. पण दादासोंच्या नजरेला माझ्या लाल दोरीचं टोक पडलं. त्यांनी पप्पूला ते ओढायला लावलं. मी ठिबकत बाहेर आले.

"बघा साहेब," दादासो म्हणाले. "आमी बांधून द्यायचं आनि ह्यांनी असं तुंबवायचं. पथकाची शिट्टी हाय ही. कुणी घातली रं?"

पल्लवी ओळीतून एक पाऊल पुढे आली. तिचं तोंड उघडलं होतं. धोंडुबाईनं तिच्याकडे बघितलंही नाही.

"म्या घातली," ती म्हणाली. "कोकरं बुजत हुती आवाजानं."

साहेब हसले. सगळेच हसले. साहेबांनी कागदावर लिहिलं, की शौचालय उपलब्ध आहे, लाभार्थ्याच्या अज्ञानामुळे बंद. कडब्याच्या मागे कुणी गेलं नाही. बूट पुसून मंडळी पुढच्या वस्तीवर गेली आणि महिन्याभरात गावाला प्रमाणपत्र मिळालं. त्या दिवशी संध्याकाळीच दादासोंनी दाखल्यावर सही करून तो पप्पूच्या हाती वस्तीवर पाठवला. म्हातारीनं त्यांचं कामच तेवढं मोठं केलं होतं. पल्लवी तो घेईना. आजीनं तो पिशवीत घालून पिशवी तिच्या गळ्यात अडकवली आणि तिला एसटीत बसवून दिलं.

मला पप्पूनं धुऊन घेतलं. माझ्या पोटातला गोळा भिजून फुगला होता, तो पुन्हा वाळला. माझा आवाज आता जरा घोगरा येतो. पथकही बंद झालेलं नाही, कारण गाव पुन्हा तपासलं जाणार आहे. रात्री गुडघे चोळायला आता नात नाही, त्यामुळे धोंडुबाईला उठायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. पंधरा, सोळा शिट्ट्या. एकदा ती उठलीच नाही. गुडघ्यात मान घालून तशीच बसून राहिली आणि पप्पू कंटाळून निघून आला.

धोंडुबाईकडे फोन नाही. पल्लवी दर रविवारी पप्पूच्या मोबाइलवर फोन करते. पप्पू वस्तीवर जातो, मी त्याच्या गळ्यात असते. परवाच्या रविवारी पल्लवीनं धावण्याचं, जेवणाचं, मैत्रिणींचं सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "आज्जे, सकाळी शिट्टी वाजती का गं अजून?"

धोंडुबाईनं समोर उभ्या पप्पूकडे बघितलं, त्याच्या गळ्यातल्या माझ्याकडे बघितलं. त्याच सकाळी मी तिच्यापुढे पंधरा वेळा वाजले होते.

"न्हाई गं बाय," ती म्हणाली. "कवाच बंद झाली. तू पळ."

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, माझी काळजी घ्या, असं मागायला आता मला तोंड नाही. कुणी तुमच्या हाती शिट्टी दिली तर ती कुणापुढे वाजवायची ते आधी विचारा, आणि समोर कुणी खाली बसलेलं असेल तर ती टाकून द्या. दुसरं एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी धावण्याच्या स्पर्धेला गेलात आणि तिथं खटावकडची पल्लवी नावाची मुलगी भेटली, तर मी तुम्हाला हे सारं सांगितलं ते तिला कळू देऊ नका.