बालविभागाची रेषा

"रंगच तर बदललेत, मॅडम. आकड्यांना मी बोटही लावलेलं नाही," रंगराव म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला.

आकडेताईंनी हातातला छापील आलेख त्याच्या कीबोर्डवर आपटला. "रंग नाही बदललेत तुम्ही. माणसं बदललीत."

रंगराव हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. रुग्णालयाची प्रतिमा उजळायला म्हणून तो उपव्यवस्थापक होऊन आला आणि फाटकापासून औषधांच्या पाकिटांपर्यंत दिसेल ते निळं-नारिंगी करत सुटला, तेव्हा हे नाव त्याला चिकटलं. आकडेताईंचंही तसंच. जिन्याखालच्या सांख्यिकी कक्षात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कोणत्या विभागात किती रुग्णांना जंतुसंसर्ग झाला याची दर महिन्याला मोजदाद करायची आणि तिमाही बैठकीसाठी त्याचा आलेख काढायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या आलेखात रंग नसायचेच. तीन विभाग, तीन काळ्या रेषा: एक सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची. बैठकीत वाटले जातात ते झेरॉक्स कागद, आणि झेरॉक्समध्ये लाल काय नि हिरवा काय, दोन्ही राखाडीच. "रंग उडाला तरी ओळखू येते ती रेषा," असं त्या नव्या लोकांना शिकवायच्या. नवी माणसं मान डोलवायची आणि गुलाबी वापरायची.

या खेपेला बैठकीच्या दिवसांत त्या रजेवर होत्या. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आलेख तयार करून, तपासून, पाठवून मगच त्या घरी गेल्या होत्या. पण रंगरावाला तुटक रेषा दरिद्री वाटल्या. त्याने प्रोग्राम उघडला, तिन्ही रेषा सलग आणि जाड केल्या, त्यांना झगझगीत रंग दिले. तेवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण कोपऱ्यातली चौकट, म्हणजे कोणती रेषा कोणाची हे सांगणारा तो लेजंड, त्यातली नावंही त्याने हौसेने स्वतःच्या हाताने लिहिली.

आणि तिथेच घात झाला. तो प्रोग्राम रेषा मांडतो त्या विभागांच्या वर्णानुक्रमाने: आधी प्रसूती, मग बाल, मग शस्त्रक्रिया. आपण नावं हाताने लिहून दिली तर तो काही विचारत बसत नाही. पहिल्या रेषेला पहिलं नाव, दुसरीला दुसरं, तिसरीला तिसरं डकवतो आणि मोकळा होतो. रंगरावाने नावं लिहिली ती मानाप्रमाणे. शस्त्रक्रिया विभाग रुग्णालयाची शान, म्हणून तो पहिला, मग प्रसूती, लहान मुलं शेवटी. झालं. शस्त्रक्रिया विभागाची वर चढत गेलेली रेषा बालविभागाच्या नावावर पडली.

"अहो, मागच्या तिमाहीचा आलेख तरी शेजारी ठेवून बघायचा होतात," आकडेताई म्हणाल्या. "सगळ्यांत खाली असणारा विभाग एकाएकी आभाळाला टेकला, याचं कोणालाच नवल वाटलं नाही?"

रंगरावाने आलेख उचलला, मग पडद्यावरची जुनी फाइल उघडली. बघता बघता त्याचा चेहरा उतरला. त्याला कळलं होतं, एवढं तरी त्याच्या बाजूने म्हणायला हवं. पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं.

"पुढच्या अहवालात दुरुस्ती टाकू," तो हळू आवाजात म्हणाला. "खाली टीप देऊ. आता कशाला खणत बसायचं? अधीक्षकसाहेब स्वतः सर्जन आहेत. त्यांच्याच विभागाची रेषा आहे ती."

"आणि मोठ्या सिस्टर?"

रंगरावाने जुनी फाइल बंद केली.

मोठ्या सिस्टर म्हणजे बालविभागाच्या इन्चार्ज. भर बैठकीत अधीक्षकांनी त्यांना उभं केलं होतं. सगळे डॉक्टर, सगळ्या परिचारिका, लेखा विभागाची माणसं, सगळ्यांसमोर. "ही रेषा बघा आणि ही बाई बघा," असं म्हणाले होते. दुसऱ्याच दिवशी सिस्टरांची रवानगी तळमजल्यावरच्या कपड्यांच्या भांडारात झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इथे तर चोराला पहिल्या रांगेत खुर्चीही होती. आकडेताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती तशीच घेऊन त्या जिना उतरल्या.

भांडारात धुऊन आलेल्या चादरींचे ढीग होते. मोठ्या सिस्टर एका स्टुलावर बसून लहान मुलांचे अंगरखे घडी करत होत्या. आकडेताईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. लेजंड काय, नावं काय, अदलाबदल कशी झाली. सिस्टरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे माझी मुलं बरी होती?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांत खाली तुमची रेषा आहे, सिस्टर. नेहमीसारखीच."

सिस्टरांनी हातातला अंगरखा मांडीवर ठेवला. "मला वाटलं, मीच म्हातारी झाले. हात धुण्यात कुठेतरी कसर राहत असेल, नाहीतर माझ्या पोरी सुया वेळेवर बदलत नसतील आणि मला दिसत नसेल. अगं, मी एकेक मूल आठवून बघितलं. याला माझ्या हातून झालं असेल का, तिला झालं असेल का. कोणाला विचारायची सोय नाही. आलेखात दिसतंय म्हटल्यावर खोटं कसं म्हणू?"

आकडेताईंना बसावंसं वाटलं, पण जागा नव्हती. या बाईने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने त्या रेषेवर विश्वास ठेवला होता. आकडेताई इतकी वर्षं ज्या विश्वासासाठी डोळे फोडून घेत आल्या, तोच रंगरावाने त्या बाईच्या छातीत खुपसला होता.

"मी त्यांना टीप द्यायला लावते," त्या म्हणाल्या.

"टीप नको," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मला कानात सांगितलंस, तुझे उपकार. पण मला उभं केलं होतं ते हॉलमध्ये. सांगायचं तर तिथे सांग. नाहीतर मी आहे ती बरी आहे. चादरी काही आलेख दाखवत नाहीत."

रंगरावाने ही अदलाबदल अधीक्षकांच्या कानावर घातली होतीच. मधल्या काळात त्यांनी जे करायचं ते केलं, आणि अगदी शहाण्यासारखं केलं. शस्त्रक्रिया विभागात गुपचूप नवं निर्जंतुकीकरण यंत्र बसलं. तिथल्या माणसांना हात धुण्याचे धडे पुन्हा दिले गेले. महिनाभरात रेषा उतरणीला लागली. म्हणजे चूक कोणाची हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. फक्त एका बाईचं नाव तेवढं धुवायचं राहिलं, आणि ते राहू द्यायचं असंच ठरलं होतं. बालविभागात नवी इन्चार्जही नेमून झाली.

घरी जेवताना नवऱ्याने समजुतीचा सूर लावला. तो मोटार शिकवण्याचं काम करायचा. ब्रेक हा त्याचा आवडता विषय. "तुझी निवृत्ती तोंडावर आलीये. हत्ती गेला, शेपूट राहिलं. आता त्या शेपटावर पाय कशाला देतेस?"

"शेपूट माझंच आहे ना?"

"अगं पण साहेबांशी वाकडं घेऊन..."

काळा चष्मा लावून बसलेल्या सासूबाईंनी ताटावरून मान वर केली. "चव्हाट्यावर मारायचं आणि माफी मागायची कोनाड्यात. असली माणसं आमच्याही वेळी होती. तेव्हाही आमच्या घरचे पुरुष असंच म्हणायचे, जाऊ दे."

नवऱ्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

पुढच्या तिमाहीची बैठक आली. रंगरावाच्या अहवालात दुरुस्तीची टीप शेवटच्या पानावर होती, बारीक अक्षरात. पण पडद्यावर आलेख दाखवायचा संगणक आकडेताईंच्या हाताशी होता. त्यांनी पहिलाच आलेख लावला तो मागच्या तिमाहीचा. तीन काळ्या रेषा. कोपऱ्यातली लेजंडची चौकट त्यांनी काढूनच टाकली होती. प्रत्येक रेषेच्या टोकाशी तिचं नाव लिहिलं होतं, जिथे कोणी ते उचलून दुसरीकडे नेऊ शकलं नसतं.

मोठ्या सिस्टर आल्या होत्या. आकडेताईंनी स्वतः जाऊन बोलावलं होतं. त्या दाराशी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

अधीक्षकांनी पडद्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसला. "हं. मागच्या वेळी थोडी तांत्रिक गडबड झाली होती, ती दुरुस्त केलेली आहे. पुढे."

आकडेताईंनी पुढचं पान घेतलं नाही.

"पुढे घ्या, मॅडम."

"साहेब, मागच्या वेळी तुम्ही नाव मोठ्याने घेतलं होतं. आज पण घ्या. मग पुढे घेते."

हॉलमध्ये कोणीतरी खोकायला लागलं आणि मध्येच थांबलं. रंगराव आपल्या बुटांकडे बघत होता.

"तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय. लिहून हवं असेल तर लिहूनही देते." आकडेताईंनी दाराकडे हात केला. "ही बाई बघा म्हणाला होतात. ती बाई आलीये. रेषा वाचा."

अधीक्षक पडद्याकडे वळले. सबंध हॉल त्यांच्या पाठीकडे बघत होता. शेवटी ते वाचू लागले, औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचावा तसे. "वरची रेषा शस्त्रक्रिया विभाग. मधली प्रसूती. खालची..." ते थांबले. "खालची बालविभाग. नावांची अदलाबदल आपल्या कार्यालयात झाली होती. सिस्टरांच्या कामात दोष नव्हता."

माफीचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. तो त्यांच्याकडे नव्हताच, तर कुठून काढणार? कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी मागे वळूनही पाहिलं नाही. लाज वाटली की माणसं समोरच बघतात.

फक्त दुसऱ्या रांगेतली बालविभागाची नवी इन्चार्ज उठली. पोरगी मोठ्या सिस्टरांच्याच हाताखाली शिकलेली. तिचं तोंड रडवेलं झालं होतं. ती आपल्या खुर्चीच्या बाजूला झाली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली, दाराकडे बघत.

मोठ्या सिस्टर भिंतीपासून हलल्या नाहीत. "बस गं," त्या म्हणाल्या. "बस तू. रेषा खालीच राहू दे म्हणजे झालं."

पोरगी बसली. आकडेताईंनी पुढचं पान घेतलं. बैठक संपेपर्यंत मोठ्या सिस्टर दाराशी उभ्याच होत्या, हात समोर जुळवून, वॉर्डात डॉक्टरांची फेरी चालू असताना उभ्या राहायच्या तशा.