बाविसाव्या बशीतली बुरशी

मित्रांनो, मी धानावर करपा आणणारी एक जुनी बुरशी आहे. तुमच्या ताटातल्या भाताची मी वैरीणच. तरी माझी हकिकत ऐकून घ्या.

रायपूरबाहेरच्या एका शेतात, धानाच्या पानावर मी जन्मले. तिथून दीपमालादीदींनी मला प्रयोगशाळेत आणलं. रेल्वेतून निवृत्त झालेल्या श्यामरावांची ही लेक, घराण्यातली पहिली संशोधक.

माझ्या गुणसूत्रांची टोकं प्रत्येक पेशीविभाजनात थोडी झिजतात. टेलोमरेज नावाचं विकर ती भरून काढतं, म्हणून माझा वंश थकत नाही. दीदींनी त्या विकराचं जनुकच माझ्यातून काढलं आणि दर आठवड्याला माझा तुकडा काचेच्या नव्या बशीत लावत गेल्या. आधी काहीच बिघडलं नाही. मग मी मंदावले. बीजाणू धरेनात, कोवळ्या पानात शिरता येईना. एकविसाव्या बशीत मी जवळपास मेलेच. विभागप्रमुख शरच्चंद्र सरांनी सभेत जाहीर केलं, "करप्याचा इलाज सापडला!" खूप टाळ्या पडल्या.

पण बाविसाव्या बशीच्या कडेला मी पुन्हा उगवले. टोकं सांधायची दुसरी वाट मला सापडली होती.

"सर, हे वाढून राहिलं. पानावर डागही पडले."

"बाहेरची बुरशी पडली असंल. फेकून दे."

"दोनदा तपासलं सर. तीच आहे."

"अहवाल वर गेला ना! काहून अडून बसली तू?"

"उद्या शेतात असंच झालं तर?"

पुढल्या महिन्यात दीदींच्या नोकरीची मुदत वाढली नाही. सगळ्या बशा वाफेत शिजवून फेकल्या गेल्या. पण त्याआधीच दीदींनी माझा एक तुकडा नळीत लावून तिथल्या फ्रिजमध्ये ठेवला होता.

टेलोमरेज अडवणारी फवारणी निघाली. चाचणीच्या शेतात पहिल्या वर्षी करपा थांबला, तिसऱ्या वर्षी तो परतला आणि उभं धान जळालं. तेव्हा सरांनी फोन केला, "दीपमाला, त्या बुरशीतलं काही ठेवलं होतं का तू?"

दीदी धावत आल्या. फ्रिज बंद होता. मे महिन्यात कुणीतरी त्याची पिन काढून कूलर लावला होता.

दीदींनी मला खरवडून आठ बशांमध्ये लावलं आणि रोज येऊन पाहिलं. एकही तंतू आला नाही. आता बोलतेय ती नळीच्या तळाची करडी खपली.

मित्रांनो, उत्तर नकोसं आलं तरी ते जपा. मी मेले याचं दुःख करू नका. पण मी पुन्हा उगवले होते, हे आता दीदींना कुणालाच दाखवता येत नाही.