एकशे बारा क्रमांकाची डहाळी

मी एका जुन्या कागदावर डिंकाने जखडलेली वाळकी डहाळी आहे. माझी पाने एका झाडाची, फूल दुसऱ्याचे. मित्रांनो, हा दोष माझा नव्हे. त्याची साक्षीदार मात्र मीच.

इक्वेडोरमधील लोखा शहरामागच्या डोंगरात हिवतापाच्या औषधासाठी सिंकोना झाडांची साल सोलणाऱ्या इलारिओने मला तोडले. त्याचे मालक फेर्मिन पालादिनेस वनस्पती दाबून, वाळवून, क्रमांक घालून किटोतील वनस्पतितज्ज्ञ मित्र लेआन्द्रो यांच्याकडे मतासाठी पाठवीत. मला फूल नव्हते, आणि फुलाविना नाव ठरत नसे. म्हणून त्यांनी एक फूल आणून माझ्या टोकाशी चिकटवले.

"मालक, हे ओढ्यापलीकडच्या सिंकोनाचं," इलारिओ म्हणाला.

"भाऊभाऊच आहेत रे ते. एकाची टोपी दुसऱ्याला घातली, एवढंच."

"टोपीवरून माणूस ओळखला, तर भलताच फासावर जायचा, मालक."

लेआन्द्रोंनी मला परत धाडले. सोबत प्रश्न होता: "फेर्मिन, पानं एक सांगतात, फूल भलतंच. दोन्ही एकाच डहाळीची ना? तुझ्या शब्दावर नाव देतो."

पालादिनेसांची लेखणी थबकली. ते मी पाहिले. पण आपल्या डोंगरात नवी सिंकोना सापडल्याचा मान त्यांना हवा होता. उत्तर गेले: "एकाच." दोन महिन्यांनी निर्णय आला: क्रमांक एकशे बारा, अस्सल सिंकोना.

त्याच वर्षी त्यांच्या मुलीला, रोसौराला, हिवताप चढला. औषधविक्याकडे पारखलेली जुनी साल होती. पालादिनेसांनी माझ्या झाडाची उकळली.

"बाबा, किती कडू! तुमच्या मित्राचं पत्र तेवढं गोड होतं."

"पी, बाळ. कडू आहे म्हणजेच खरी आहे."

कडूपणा खरा होता, गुण नव्हता. पाचव्या दिवशी इलारिओ जुनी साल घेऊन धावत आला, तेव्हा रोसौराची दातखीळ बसली होती. सहाव्या दिवशी ती गेली.

दफनाहून परतल्यावर पालादिनेसांनी माझे फूल खरवडायला सुरी उचलली.

"काढू नका, मालक," इलारिओ म्हणाला. "काढलंत, तर घडलं काय ते कुणाला कळायचं?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. माझ्या पायथ्याशी त्यांनी लिहिले: "फूल परक्या झाडाचे. विचारले असता मी खोटे सांगितले." तीच ओळ किटोलाही गेली. त्यानंतर त्यांनी एकही वनस्पती दाबली नाही.

मित्रांनो, कसर आणि ओल यांपासून मला जपा. पण माझ्याआधी ती ओळ जपा. आणि तुमच्या डहाळीला फूल नसेल, तर तेवढा कागद कोरा राहू द्या.