राहून गेलेली ओळ

इतक्या कष्टाने लिहिलेली अक्षरं पाण्याने धुऊन टाकताना आनंदाने उड्या मारणारं मूल तुम्ही कधी पाहिलंय का? मी पाहिलंय, शेकडो वेळा. अजूनही दर वेळी नवल वाटतं.

मी पाटी बोलतेय, अक्रोडाच्या लाकडाची. ॲटलासच्या डोंगरात माझं झाड होतं. सुताराने मला तासून गुळगुळीत केलं, वर धरायला मूठ ठेवली आणि मशिदीला लागून असलेल्या शाळेत पोचवलं. तिथे गुरुजी बेलाईद यांनी, सगळी मुलं त्यांना सीदी म्हणतात, माझ्यावर पांढऱ्या मातीचा पातळ थर दिला आणि मला उन्हात ठेवलं. मग बोरूने माझ्या अंगावर कुराणाची पहिली ओळ उमटवली. मेंढीची लोकर जाळून केलेल्या शाईचा तो वास! मी एक साधं लाकूड, आणि माझ्यावर हे शब्द? मी श्वास रोखून पडून राहिले.

एक भाग पाठ झाला की मला धुवायचं, पुन्हा माती लावायची, पुढचा भाग लिहायचा. पाटी धुतलेलं पाणी मात्र वाटेवर टाकायचं नाही. त्या पाण्यावर कुणाचा पाय पडायला नको, म्हणून ते अंगणातल्या डाळिंबाच्या मुळाशी ओतायचं. वांड पोरंसुद्धा ते पाणी नेताना हळू चालतात. हे त्यांना कुणी छडीने शिकवलं नाही. सीदी स्वतः तसंच चालायचे.

कितीतरी मुलांच्या मांडीवर मी वाढले. कुणी माझा कोपरा चावला, कुणी मला डोक्यावर धरून ऊन अडवलं. पण मला सांगायचंय ते इत्तोबद्दल.

इत्तो नऊ वर्षांची. पाठांतराचा मोठा टप्पा पुरा झाला की मुलाची पाटी रंगवतात आणि ती घेऊन मूल गावातून मिरवत जातं. घरोघरी त्याला अंडी मिळतात. इत्तोचा टप्पा पुरा होत आला होता. तिचे वडील हम्मू दूर अगादीर बंदरात मासेमारीच्या बोटीवर कामाला. दोन वर्षांनी ते घरी आले होते, ती मिरवणूक पाहायलाच. मिरवणूक उद्या भल्या सकाळी, आणि ती आटोपताच त्यांची परतीची बस.

रंगीत पाटीवरचा शेवटचा भाग सीदी स्वतः लिहीत. तसा त्यांनी आठ दिवसांपूर्वीच माझ्यावर लिहिला होता. त्यावरूनच इत्तोने तो पाठ केला. कडेने केशरी, हिरव्या वेली काढल्या होत्या. मी कधी इतकी सुंदर दिसेन असं मला वाटलं नव्हतं.

दुपारी इत्तो मला मांडीवर घेऊन अंगणात म्हणून दाखवत होती. शेजारी तिची चुलतबहीण फादमा. तिचा हा टप्पा गेल्या वर्षीच झालेला.

"टोपली घेतलीस का, की परकरातच अंडी फोडणार?" फादमा म्हणाली. "मला सत्तावीस मिळाली होती. तुला काय, दहा मिळाली तरी खूप!"

"गप गं, ऐक नीट."

इत्तो म्हणू लागली. मध्येच फादमाने हात वर केला. "थांब. तुझं गाढव एक ओढा न ओलांडताच पलीकडे गेलं की!"

दोन ओळींचा शेवट सारखाच होता. लिहिताना सीदींची नजर पहिलीच्या शेवटावरून थेट दुसरीच्या शेवटावर गेली आणि दुसरी अख्खी ओळ राहून गेली. मुलींनी कुराणाची मशिदीतली प्रत उघडून पाहिली. ओळ तिथे होती.

इत्तोचा चेहरा उतरला.

"जाऊ दे ना," फादमा हळूच म्हणाली. "मिरवणुकीत कोण वाचतंय? आणि लाकूड काही बोलत नाही."

खरंच होतं. मी तेव्हा बोलू शकले नाही.

इत्तो बराच वेळ माझ्या कडेवरून बोट फिरवत बसली. मग मला उचलून आत गेली. आत सगळी मुलं होती, आणि हम्मूही सीदींसमोर बसले होते.

"सीदी, माझी एक ओळ राहिलीय," ती म्हणाली. "मीच पाठ करताना सोडली."

सीदींनी मला डोळ्यांजवळ धरलं, मग लांब धरलं, मग दाराच्या उजेडात नेलं.

"तू नाही सोडलीस, पोरी. मी लिहिलीच नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मला सांभाळायला खोटं बोलू नकोस. माझे डोळे थकलेत, हे मीच गावाला सांगायला हवं होतं. ही पाटी धुवायची, पुन्हा लिहून रंगवायची. मिरवणूक उद्या होणार नाही."

"सीदी, मी दोन वर्षांनी आलोय," हम्मू म्हणाले. "उद्या बस आहे माझी."

"मग एक ओळ सोडून काढू या मिरवणूक?"

हम्मूंनी पाटीवरच्या रंगांकडे पाहिलं, मग लेकीकडे. "नाही," ते म्हणाले आणि पाण्याचा घडा आणायला उठले.

सीदींनी मला आपल्या हातांनी धुतलं. केशरी, हिरवा, काळा, सगळं माझ्या अंगावरून वाहून गेलं. ते पाणी हम्मूंनी डाळिंबाशी नेलं, थेंबही न सांडता. इतके शब्द माझ्यावरून गेले, पण त्या दिवशी मला वाटलं, आज कुठे मला ते समजले.

आता मी म्हातारी झालेय. माझी मूठ झिजलीय, मध्ये एक चीर गेलीय. माझी एवढीच विनंती आहे, मला चुलीत घालू नका. भिंतीशी टेकवून ठेवा, मुलांचा आवाज ऐकू येईल अशी.

मला धुतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हम्मू बसने अगादीरला गेले. इत्तो शाळेत आली, मला माती लावून उन्हात ठेवलं, आणि राहून गेलेली ओळ तिने स्वतःच्या हाताने लिहिली. सीदी शेजारी बसून प्रत्येक शब्द तिच्याकडून मोठ्याने वाचून घेत होते.