माराथोन म्हणजे बडीशेप

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. ग्रीसमधल्या माराथोन गावात, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी उभी असते. माझ्या अंगावर चारच शब्द आहेत : 'माराथोन म्हणजे बडीशेपेचे रान'.

मोडक्या होडीच्या फळीतून मला अनार्गिरोस गुरुजींनी घडवले. निळी अक्षरेही त्यांनीच रंगवली. मुलांना माझ्यासमोर उभे करून ते विचारत, "आंबेलोस म्हणजे द्राक्षवेल, आंबेलोन म्हणजे द्राक्षमळा. मग माराथोस म्हणजे बडीशेप, तर माराथोन म्हणजे?"

"बडीशेपच बडीशेप!" मुले ओरडत.

गावाचे नाव एका प्राचीन वीरावरून पडले, असेही काही जण सांगत. गुरुजी हसत. "असेल बुवा. पण त्या वीराला तरी हे नाव कुठून मिळालं?"

गुरुजी वारले. त्यांची थोरली बहीण स्तामातूला माझ्याखाली बसून बडीशेपेच्या पाल्याच्या पोळ्या विकू लागली. तिला कुणी शाळेत घातलेच नव्हते.

मग शेजारी लेफ्तेरिस नावाच्या तरुणाने पदकांचे दुकान थाटले.

"मावशी, ही पाटी काढ की. लोक इथं मॅरेथॉनच्या शर्यतीसाठी येतात. भाजी बघायला कोण विमानानं येतंय?"

"शर्यत कालची रे पोरा. बडीशेप तिच्या कितीतरी आधीची."

"तुला तर वाचताही येत नाही!"

"वास तर येतो ना!"

एका दुपारी ती पाला खुडायला गेली असताना त्याने मला पांढरा रंग फासला आणि वर धावणारा माणूस काढला. स्तामातूला परतली. तिने सुरीने रंग खरवडला. पांढऱ्याबरोबर निळी अक्षरेही गेली. मी कोरी झाले. आयुष्यात प्रथमच मला भीती वाटली.

"आता काय लिहिशील?" लेफ्तेरिस म्हणाला.

अकरा वर्षे ती रोज सकाळी ओल्या फडक्याने माझे एकेक अक्षर पुसत आली होती. तिच्या बोटांना सारी वळणे पाठ होती. त्याच सुरीने तीन दिवस ती मला कोरत राहिली. दुखले, पण मी जागची हलले नाही.

"एक अक्षर उलटं झालंय, मावशी."

"होऊ दे. आता खोडून दाखव!"

मित्रांनो, तुमच्या गावाचे नाव बोरीवरून पडले असेल, नाहीतर चिंचेवरून. कुणी त्याला हसले, तर मान खाली घालू नका. त्याचा अर्थ विचारून घ्या आणि मोठ्याने सांगा. मी काही इथून हलणार नाही. ज्याला धावायचे त्याने खुशाल धावावे. पाय मात्र बडीशेपेतच पडणार आहे.