कानात सांगितलेलं नाव

माझा भाऊ प्रशिक जपानात नोकरीला. त्यानं फोनवर कळवलं तेच नाव म्या आत्या म्हणून गावाकडं विंझरच्या घरी बारशाला बाळाच्या कानात सांगितलं: नोबुयासू.

मग मोबाईलवर बघितलं. त्या नावाचे सरदार लई होऊन गेले. सगळ्यात नावाजलेल्यानं विशीतच पोट चिरून घेतलं, सख्ख्या बापाच्या हुकमावरनं!

माझं टाळकंच सरकलं. प्रशिकला फोन स्पीकरवर लावला.

"लेकराला असलं नाव ठेवत्यात व्हय रे, मुडद्या?"

"ठाऊक हाय मला. आप्पास्नी वाचून दाखव."

आप्पांनी, आमच्या बापानं, लग्नावरनं प्रशिकला "तू मला मेलास" म्हणून घराबाहेर काढलं होतं. नातू झाल्यावर तेच जाऊन सुनेला बाळासकट घरी घेऊन आले.

पाळण्याची दोरी त्यांच्याच हातात होती. म्या वाचून दाखवलं तशी ती थांबली.

"पिंके," ते म्हणाले, "कानात सांगितलेलं नाव माघारी घेता येत न्हाई ना गं?"