हद्दीपलीकडचं जेवण

नोरीननं मांस सोडलं ते एका वासरामुळे. आईवेगळ्या त्या वासराला तिनं स्वयंपाकघरात बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. थंडीच्या तोंडावर ते इतर गुरांबरोबर ट्रकमध्ये चढलं आणि चढताना वळून तिच्याकडे बघत राहिलं. गुरांवरच घर चालत होतं, म्हणून नवऱ्याला, व्हर्लिनला, तिनं बोल लावला नाही. तिच्या ताटात मात्र तेव्हापासून बटाटे आणि मकाच उरला.

पुढे पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेलं मांस निघालं. त्यांच्या नेब्रास्का राज्यात त्याच्या विक्रीवर बंदी आणायचं ठरलं, तेव्हा व्हर्लिन ठेवणीतली टोपी घालून राजधानीला गेला आणि सुनावणीत बोलला, "पिंपात उगवतं त्याला मांस म्हणू नका." टाळ्या पडल्या. कायदा झाला.

रेडिओवर ती बातमी लागली तेव्हा नोरीन मटार सोलत होती.

"मला एकदा खाऊन बघायचं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुझं ते पिंपातलं."

व्हर्लिन हसला. "तू? तू तर मांसाला शिवत नाहीस!"

"त्याच्यासाठी कुणाला ट्रकमध्ये चढावं लागत नाही ना."

त्याचं हसू तिथंच विरलं. काही आठवड्यांनी एका सकाळी त्यानं गाडी दाराशी आणली.

"बस. शेजारच्या कोलोराडोत जाऊ. तिथं चालतं ते."

बाहेर दाट धुकं होतं. टेकड्या दिसतच नव्हत्या. नुसत्या गायींच्या काळ्या पाठी दुधात तरंगाव्यात तशा तरंगत होत्या. गाडी चालली आहे की धुकंच मागे सरकतं आहे, नोरीनला कळेना. राज्याची हद्द कधी ओलांडली, तेही कळलं नाही.

डेन्व्हरच्या एका छोट्या हॉटेलात वाढणाऱ्या मुलीनं बशी आणली. लोण्यात परतलेले, त्या पिंपातल्या चिकनचे चार तुकडे. नोरीननं एक तोंडात घातला, डोळे मिटले, आणि ती रविवारच्या दुपारी आईच्या ओट्याशी उभी होती. जाळीचं दार आपटत होतं, वडिलांचे केस ओले होते, आणि अजून कुणीही मेलेलं नव्हतं.

"कसं आहे?" व्हर्लिननं विचारलं.

"चिकनच आहे रे."

"मग रडतेस कशाला?"

"चिकन आहे म्हणून."

त्यानं बशी ओढली, एक तुकडा घेतला आणि बाजारात बैल पारखावा तसा सावकाश चावला. "मीठ कमी आहे."

"म्हणजे आवडलं."

"असं म्हटलं का मी?"

परतताना उन्हं कलली होती. "सुनावणीला पुन्हा बोलावलं तर मी तेच बोलेन, नोरीन," तो रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला. "गुरं गेली तर आपण काय करायचं?"

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि तिला ते खरंच माहीत होतं.

कायदा तसाच राहिला, व्हर्लिनचं मतही. पण दर वर्षी गवत पिवळं पडलं की दोघं निघतात. शेजाऱ्यांनी विचारलं तर व्हर्लिन सांगतो, दातांच्या डॉक्टरकडे चाललोय. शेजारीही मान डोलावतात. या वयात दातांचं असायचंच, म्हणतात.